निमंत्रण आणि अधिकार : अंधेरीतील त्रिराष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धेचा (२०१९) ऐतिहासिक संदर्भ

प्रस्तावना

वऱ्हाडातील गावोगावच्या यात्रांमध्ये कबड्डीचे आणि कुस्तीचे सामने भरविण्याची प्रथा जुनी आहे. या सामन्यांच्या जाहिरातींवर दोन शब्द हमखास आढळतात : 'खुले सामने' आणि 'निमंत्रितांचे सामने'. खुल्या सामन्यात प्रवेश फी भरून कोणताही संघ उतरू शकतो. निमंत्रितांच्या सामन्यात मात्र आयोजक ज्यांना पत्र पाठवितात तेच संघ येतात. ज्याला पत्र येत नाही, त्याला विचारणा करण्याचीही सोय नसते. खेळाच्या व्यवहारातील हा साधा भेद महिला फुटबॉलच्या इतिहासात फार मोठा ठरला आहे. पुरुषांच्या फुटबॉलला १९३० पासून विश्वचषक आणि तेथवर पोहोचविणारी, पुढे विस्तारत गेलेली पात्रता स्पर्धांची रचना लाभली. स्त्रियांच्या फुटबॉलला मात्र १९९१ पर्यंत असा अधिकृत मार्ग नव्हता. तोपर्यंत स्त्रिया देशोदेशी खेळल्या त्या मुख्यतः कोणीतरी बोलाविले म्हणून.

१३ ते १९ डिसेंबर २०१९ या कालावधीत मुंबईतील अंधेरीच्या क्रीडासंकुलात भारत, स्वीडन आणि थायलंड या तीन देशांच्या सतरा वर्षांखालील मुलींची निमंत्रितांची फुटबॉल स्पर्धा झाली. आठवडाभराची ही छोटी स्पर्धा वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर आली आणि विस्मरणात गेली. परंतु तिचे यजमान आणि पाहुणे कोण होते हे लक्षात घेतले, तर महिला फुटबॉलच्या मागील चार दशकांचा एक धागा हाती लागतो. प्रस्तुत लेखात त्या धाग्याचा मागोवा घेण्यात आला आहे.

मैदाने नाकारली गेली तेव्हा

स्त्रियांचे फुटबॉल ही अलीकडची हौस होय, असा समज आजही आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल येथील गुडिसन पार्क मैदानावर 'डिक, कर लेडीज' या कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक जमले होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव करून आपल्याशी संलग्न असलेली मैदाने स्त्रियांना नाकारली. हा खेळ स्त्रियांना अयोग्य असल्याचे कारण देण्यात आले. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने १९५५ ते १९७० या काळात असेच केले. ब्राझीलमध्ये तर १९४१ च्या सरकारी हुकुमाने स्त्रियांना फुटबॉल वर्ज्य ठरले आणि तो निर्बंध १९७९ मध्ये उठला. ज्या देशाला जग फुटबॉलचे माहेरघर समजते, तेथील ही अवस्था होती.

महासंघांनी दारे लावून घेतल्यावर खासगी आयोजकांनी ती वेगळ्या बाजूने उघडली. १९७१ मध्ये मेक्सिको येथे भरलेली स्पर्धा फिफाच्या दृष्टीने अनधिकृत होती. तरीही तिचा अंतिम सामना अॅझ्टेका स्टेडियममध्ये सुमारे १,१०,००० लोकांनी पाहिला, असे सांगितले जाते. डेन्मार्कने मेक्सिकोला ३–० असे हरविले आणि तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसेन या पंधरा वर्षांच्या मुलीने केले. प्रेक्षक नाहीत म्हणून स्त्रियांचे फुटबॉल वाढत नाही, ही सबब त्या दिवशीच निकालात निघावयास हवी होती. तसे झाले नाही, कारण प्रश्न प्रेक्षकांचा नव्हता. स्पर्धा कोणाच्या मालकीची, हा होता.

निमंत्रणावर चालणाऱ्या स्पर्धांचे नियम सैल असत. १९८१ मध्ये तैवानने जागतिक निमंत्रित स्पर्धा भरविली तेव्हा पश्चिम जर्मनीकडे महिलांचा राष्ट्रीय संघच नव्हता. म्हणून बर्गिश ग्लाडबाख या गावाचा क्लब देशाच्या वतीने गेला आणि स्पर्धा जिंकून परतला. पश्चिम जर्मनीचा राष्ट्रीय संघ त्यानंतर, १९८२ मध्ये, मैदानात उतरला. येथे निमंत्रण आधी आले आणि अधिकृत मान्यता मागाहून आली.

कोझिकोड ते बँकॉक : भारताची पहिली पिढी

आशिया खंडात हे काम १९६८ मध्ये स्थापन झालेल्या आशियाई महिला फुटबॉल संघटनेने केले. ही संघटना पुरुषांच्या आशियाई महासंघापासून वेगळी होती आणि १९८६ मध्ये त्यात विलीन झाली. तिने १९७५ मध्ये हाँगकाँग येथे पहिली आशियाई स्पर्धा भरविली. त्याच वर्षी लखनौ येथे भारतीय महिला फुटबॉल महासंघाची स्थापना झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धाही तेथेच खेळली गेली. हा महासंघदेखील अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा भाग नव्हता. बंगालचे सुशील भट्टाचार्य हे राष्ट्रीय महिला संघाचे पहिले प्रशिक्षक होत.

पुढच्या पाच वर्षांत या नवख्या संघटनेने जे साधले, ते आज वाचताना आश्चर्य वाटते. जानेवारी १९८० मध्ये केरळातील कोझिकोड येथे आशियाई स्पर्धा भरली. यजमानांनी 'भारत दक्षिण' आणि 'भारत उत्तर' असे दोन संघ उतरविले. ऑस्ट्रेलियातून देशाचा नव्हे, तर पश्चिम ऑस्ट्रेलिया या एका राज्याचा संघ आला. खंडाच्या अजिंक्यपदासाठी यजमानांचे दोन संघ आणि परखंडातील एक प्रांत ही रचना आजच्या नियमपुस्तिकेत बसणार नाही. त्या काळी मात्र जे येतील त्यांना सामावून घेणे हाच नियम होता. भारताच्या दक्षिण संघाने अंतिम फेरी गाठली व तेथे तो चायनीज तैपेईकडून ०–२ असा पराभूत झाला. १९८१ मध्ये हाँगकाँग येथे भारत तिसरा आला. १९८३ मध्ये बँकॉक येथे तो पुन्हा अंतिम सामन्यात होता आणि यजमान थायलंडने त्याला ३–० ने हरविले. शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत. गोव्याच्या योलांडा डिसूझा याही याच पिढीतल्या.

चार वर्षांत दोन उपविजेतेपदे आणि एक तिसरा क्रमांक, ही कामगिरी भारतीय महिला संघाला आशियाई स्पर्धेत पुन्हा करता आलेली नाही. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. त्या काळी आशियात स्त्रियांचे संघ मोजके होते, चीन अद्याप उतरला नव्हता आणि जपान नवखा होता. म्हणून या यशाचे मोल अवाजवी वाढविण्याचे कारण नाही. तरीही सुरुवातीच्या पंक्तीत भारताचे पान मांडलेले होते, एवढे निर्विवाद आहे.

ग्वांगझू, १९८८ : पत्र कोणाला गेले?

१९८६ मध्ये मेक्सिको सिटी येथे फिफाचे अधिवेशन भरले. तेथे नॉर्वेच्या एलेन विले यांनी व्यासपीठावरून महिलांच्या विश्वचषकाची मागणी केली. फिफाच्या अधिवेशनात बोलणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. या मागणीचे फलित म्हणून फिफाने १ ते १२ जून १९८८ या काळात चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात बारा देशांची निमंत्रित स्पर्धा भरविली. स्त्रियांचा विश्वचषक पेलवतो की नाही, हे तपासण्याची ती चाचणी होती. चाचणी स्त्रियांच्या खेळाची होती तितकीच फिफाच्या धीराचीही होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ग्वांगझूच्या तिआन्हे स्टेडियमवरील अंतिम सामन्यात नॉर्वेने स्वीडनवर १–० असा विजय मिळविला. गोल लिंडा मेडालेन हिने केला. ब्राझीलने चीनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक पटकाविला. त्या ब्राझील संघाचा कणा रिओच्या राडार या एकाच क्लबचा होता. स्पर्धा यशस्वी ठरली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस फिफाने १९९१ च्या पहिल्या महिला विश्वचषकाला मंजुरी दिली. तो विश्वचषक चीनमध्येच झाला, सामने ऐंशी मिनिटांचे ठेवण्यात आले आणि अमेरिकेने नॉर्वेला २–१ असे हरविले.

भारताच्या दृष्टीने कळीचा प्रश्न हा, की १९८८ मध्ये आशियातून कोण गेले? चीन, जपान आणि थायलंड. १९८६ च्या हाँगकाँग येथील आशियाई स्पर्धेत नेमके हेच तीन देश पहिल्या तीन क्रमांकांवर होते. चीनने पहिल्याच प्रवेशात जपानला २–० ने हरवून विजेतेपद मिळविले होते. भारत त्या स्पर्धेत खेळलाच नव्हता. तीन वर्षांपूर्वी ज्या थायलंडशी भारताने अंतिम सामना खेळला, तो थायलंड ग्वांगझूला पोहोचला. तेथे तो गटातच बाद झाला हे खरे, परंतु जागतिक संघटनेच्या पहिल्या महिला स्पर्धेच्या यादीत त्याचे नाव कायमचे लागले. भारत मात्र १९८६ पासून १९९३ पर्यंतच्या आशियाई स्पर्धांपासून दूर राहिला. नेमक्या याच काळात महिला फुटबॉल निमंत्रणाच्या अवस्थेतून अधिकाराच्या अवस्थेत जात होते. भारतीय महिला फुटबॉलचा कारभार १९९० च्या दशकाच्या आरंभी अखिल भारतीय महासंघाकडे आला तेव्हा नवी रचना उभी राहिली होती आणि पहिली पंक्ती उठली होती.

त्यानंतरची वाटचाल संथ आहे. १९९५ ते २००३ या काळात भारत आशियाई स्पर्धेत खेळला, परंतु गटाच्या पुढे गेला नाही. २००६ पासून पात्रताही हुकू लागली. २००९ मध्ये तर पुरेसे सामने न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून भारताचे नाव वगळले गेले. हरल्यामुळे नाव खाली जाते. न खेळल्यामुळे ते नाहीसेच होते. दक्षिण आशियाई स्पर्धा २०१० मध्ये सुरू झाली आणि पहिल्या पाचही वेळा भारताने ती जिंकली. राष्ट्रीय महिला लीग २०१६–१७ च्या हंगामापासून सुरू झाली. स्वीडनची महिलांची राष्ट्रीय लीग १९८८ पासून चालू आहे, म्हणजे ग्वांगझूच्या त्या स्पर्धेच्याच वर्षापासून.

अंधेरी, डिसेंबर २०१९

मार्च २०१९ मध्ये फिफाने २०२० च्या सतरा वर्षांखालील महिला विश्वचषकाचे यजमानपद भारताला दिले. यजमान म्हणून भारताला पात्रता फेरीशिवाय थेट प्रवेश मिळाला. प्रवेश मिळाला, पण सरावाचे सामने कोठून आणावयाचे, हा प्रश्न उरला. पात्रता फेरीत जे कठीण सामने आपोआप वाट्यास येतात, ते यजमानाला मागून घ्यावे लागतात. म्हणूनच अंधेरीच्या स्पर्धेची योजना झाली. संघाची धुरा थॉमस डेनरबी यांच्याकडे होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्वीडनच्या वरिष्ठ महिला संघाने २०११ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळविला होता. ते भारतात येऊन जेमतेम महिना झाला होता आणि पहिलाच सामना त्यांच्या मायदेशाशी होता.

स्पर्धेची रचना सोपी होती. तिन्ही संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळावयाचे आणि पहिल्या दोघांनी अंतिम सामना. भारत पहिल्या सामन्यात स्वीडनकडून ०–३ ने हरला. त्यानंतर भारतीय मुलींनी थायलंडला १–० असे हरवून अंतिम फेरी गाठली. १९ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात स्वीडनने त्यांना ०–४ असे नमविले.

या निकालांचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही ध्यानात घेण्यासारखे आहेत. ग्वांगझूला गेलेल्या देशांपैकी दोन देश अंधेरीत पाहुणे होते आणि तेथे न गेलेला भारत यजमान होता. थायलंडच्या मुलींशी झालेला सामना बरोबरीच्या तोलाचा ठरला, म्हणजे १९८३ नंतर वाढलेले अंतर त्या वयोगटात तरी भरून येण्याजोगे होते. स्वीडनशी झालेल्या दोन सामन्यांत मिळून सात गोल झाले व भारताला एकही करता आला नाही. हे अंतर आठवडाभराच्या स्पर्धेने किंवा महिनाभराच्या प्रशिक्षणाने भरून येणारे नव्हते. त्यामागे तीस वर्षांची लीग, गावागावांतील मुलींचे क्लब आणि दर आठवड्याला हमखास मिळणारा सामना उभा होता. प्रशिक्षक तिकडून आणता येतो. तो मागचा पसारा आणता येत नाही.

असे असूनही या स्पर्धेला निष्फळ म्हणणे अन्यायाचे होईल. निमंत्रितांच्या स्पर्धेत पराभवाने काही हिरावले जात नाही. गुण जात नाहीत, प्रवेश हुकत नाही. आपण कोठे आहोत हे स्वस्तात कळते. विश्वचषकापूर्वी जवळजवळ वर्षभर हे कळले, ही जमेची बाजू होती.

तथापि हा हिशेब पुरा होऊ शकला नाही. महासाथीमुळे नोव्हेंबर २०२० मध्ये व्हावयाचा विश्वचषक आधी २०२१ वर ढकलला गेला आणि १७ नोव्हेंबर २०२० रोजी रद्दच झाला. त्याऐवजी भारताला २०२२ च्या स्पर्धेचे यजमानपद मिळाले. कागदोपत्री ही भरपाई चोख होती. परंतु २०२० च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००३ नंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या आणि २०२२ साठी १ जानेवारी २००५ नंतरच्या. २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुलींचे वय मधल्या काळात उलटून गेले. देशाला यजमानपद परत मिळाले, त्या मुलींना विश्वचषक मिळाला नाही. वयोगटाच्या खेळात दोन वर्षे म्हणजे एक संपूर्ण पिढी होय. भारतातील महासाथीच्या नुकसानीची जी मोजदाद झाली, तिच्यात हे नुकसान सहसा आढळत नाही.

यजमानपदाचे सुख आणि मर्यादा

अंधेरीनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला दोन मोठ्या स्पर्धा आल्या. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात आशियाई महिला चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातील बालेवाडी येथे झाला. भारत पुन्हा यजमान म्हणूनच त्यात होता. या संघाची तयारीही निमंत्रणावर झाली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलमधील मनाउस येथील चार देशांच्या स्पर्धेत तो ब्राझील, चिली आणि व्हेनेझुएला यांच्याशी खेळला आणि तिन्ही सामने हरला. ब्राझीलविरुद्ध निकाल १–६ असा लागला, पण त्यातील भारताचा एकमेव गोल मनीषा कल्याणने केला आणि तो देशभर पाहिला गेला. ब्राझीलच्या फोर्मिगा या ज्येष्ठ खेळाडूचा तो निरोपाचा सामना होता.

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणशी ०–० अशी बरोबरी साधली. २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी सामना होता. कोझिकोडनंतर चार दशकांनी तोच प्रतिस्पर्धी पुन्हा भारतीय भूमीवर समोर येणार होता. सामना झालाच नाही. संघात कोरोनाची लागण पसरल्याने किमान तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत. भारताला स्पर्धेतून बाहेर पडावे लागले आणि इराणविरुद्धचा निकालही नोंदीतून पुसला गेला. स्पर्धा पुढे महाराष्ट्रातच रंगली. चीनने अंतिम सामन्यात ०–२ अशा पिछाडीवरून दक्षिण कोरियाला ३–२ ने हरविले. घरात मांडव आणि घरचेच मंडळी बाहेर, असा हा प्रसंग होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाला. त्यापूर्वी ऑगस्टमध्ये फिफाने अखिल भारतीय महासंघाला काही दिवस निलंबित केल्यामुळे हे यजमानपदही धोक्यात आले होते. भारतीय मुली अमेरिकेकडून ०–८, मोरोक्कोकडून ०–३ आणि ब्राझीलकडून ०–५ अशा हरल्या. प्रशिक्षक डेनरबीच होते. नवी मुंबईतील अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला एका स्वयंगोलाच्या आधारे १–० ने हरविले.

यजमानपद हेसुद्धा एक निमंत्रणच असते. फक्त ते स्वतःच स्वतःला दिलेले असते. त्याने देशाला मैदाने, दिवे, प्रक्षेपण आणि मान मिळतो. खेळाडूंना सरावाची साखळी मिळेलच असे नाही.

वाशिमच्या बाजूने पाहता

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा आणि अंधेरीचे मैदान यांत एका रात्रीच्या प्रवासाचे अंतर आहे. खेळाच्या सोयींत ते पुष्कळ अधिक आहे. वऱ्हाडची क्रीडापरंपरा व्यायामशाळांची आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्याचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले आणि तेथे त्याने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले. तीदेखील पाहुण्यांचीच भूमिका होती. कबड्डी जगाने पाहिली, ऑलिंपिकमध्ये घेतली नाही.

फुटबॉल या भागात मुख्यतः शाळा-महाविद्यालयांच्या वाटेने येतो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या निमित्ताने दहा लाख विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावे असा उपक्रम राज्यभर राबविला आणि शाळांना चेंडू पुरविले. चेंडू पोहोचला की मुलगी एकदा खेळते. दुसऱ्यांदा खेळण्यासाठी दुसरा संघ लागतो, तोही जवळच्या तालुक्यात लागतो, आणि सामन्यानंतर तिला अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता यावे लागते. रिसोड किंवा मानोरा येथील मुलींच्या संघाला वर्षभरात किती सामने मिळतात, हा प्रश्न स्वीडन आणि भारत यांच्यातील सात गोलांच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

विदर्भातच याचे एक उत्तर दिसते. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेले विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचा उपक्रम सुरू केला. तो पुढे 'स्लम सॉकर' म्हणून वाढला, त्यात मुलीही खेळू लागल्या आणि २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' (२०२२) या चित्रपटाने हे काम घरोघरी पोहोचविले. चित्रपटात नाट्य अधिक आहे हे ओघानेच आले. मूळ कामात नाट्यापेक्षा वेळापत्रक अधिक होते. कोणत्या वस्तीचा संघ कोणाशी, कोणत्या दिवशी खेळणार, हे ठरविणारा एक महाविद्यालयीन शिक्षक तेथे होता.

राष्ट्रीय संघाने २०२५ च्या जूनअखेरीस आशियाई चषकाची पात्रता फेरी थायलंडमधील चिआंग माई येथे खेळली. या वेळी यजमानपद नव्हते आणि निमंत्रणही नव्हते. भारताने मंगोलियाला १३–०, तिमोर-लेस्तेला ४–० आणि इराकला ५–० असे हरविले. शेवटचा सामना ५ जुलै रोजी यजमान थायलंडशी होता आणि गटातून एकच संघ पुढे जाणार होता. संगीता बासफोर हिने दोन गोल केले. भारत २–१ असा जिंकला आणि पात्रता फेरीतून आशियाई चषकात प्रथमच पोहोचला.